स्टीलला डाख का लागेना

26 जुलै 2005च्या पुरात अब्बांची हिंद सायकल दोन दिवस पाण्यात होती. उल्हास नदी त्या दिवशी कुठवर चढली होती, हे बदलापूरकरांना सांगायला नको. पुरातली एखादी वस्तू अजून बहुतेकांच्या घरी असते, आमच्याकडे ही सायकल आहे. अब्बा तिच्यावरून अंबरनाथला कामाला जात. त्यांच्या इंतकालनंतर ती आपाच्या गॅलरीत जुन्या चादरीखाली उभी होती. यंदा ईदनंतर भाच्याने ती खाली उतरवली.

"खाला, हिला मी पुन्हा चालती करतो."

मुलगा बारावीनंतर अंबरनाथच्या एमआयडीसीत एका उस्तादांकडे फॅब्रिकेशन शिकतो. आपाला वाटते त्याने बीकॉम करावे. घरातला हा वाद जुना आहे, त्यात आता मी पडत नाही.

हिंद सायकल मुंबईत वरळीला बनत असे. 1980मध्ये संसदेने कायदा करून तो कारखाना सरकारच्या ताब्यात घेतला. त्या काळच्या सायकलींचे सांधे पाहिले तर नळ्या लोखंडी खोळींत बसवलेल्या दिसतात आणि खोळीच्या आत वितळलेले पितळ भरलेले असते. अब्बांच्या सायकलीचे हे सांधे अजून शाबूत होते. कुजल्या होत्या त्या मागच्या चाकाचा आस बसतो त्या दोन खाचेच्या पट्ट्या. तिथे नट आवळताना रंग खरवडला जातो आणि पाणी आत शिरते. भाचा म्हणाला, पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या लावू, म्हणजे परत गंजायला नकोत. उस्तादांकडच्या भंगारातून 304 जातीच्या स्टीलचा तुकडा घेऊन त्याने कानशीने पट्ट्या घडवल्या. मापात अगदी बरोबर. आता त्या जुन्या नळीला डाख देऊन जोडायच्या होत्या. कारागीर ज्याला ब्रेझिंग म्हणतात ते हेच. यात वेल्डिंगसारखे मूळ लोखंड वितळवत नाहीत. कमी उष्णतेला वितळणारा दुसरा धातू फटीत ओढला जातो आणि दोन्ही भाग धरून ठेवतो.

पहिल्या दिवशी त्याने नेहमीचे पितळ आणि टाकणखार घेतला. पितळ वितळले, पण पसरेना. तुपाचा हात लागलेल्या ताटावर पाण्याचे थेंब होतात तसे त्याचे गोळे झाले. त्याने आच वाढवली, तर स्टील आणखी काळे पडले.

आमचे नाना कल्हई करत. तांब्याचे पातेले तापवून ते आधी नवसागर फिरवत, पांढरा धूर उठे आणि मग कथील लोण्यासारखे पसरे. लहानपणी मला तो धूर म्हणजे जादू वाटायची. खरे तर नवसागर तांब्यावरचा मळ खातो आणि उघड्या तांब्याला कथील धरते. लोखंडावर तेच काम टाकणखार करतो. स्टेनलेसवर मात्र मळ वेगळा आहे. या स्टीलमध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम असते. हवा लागताच क्रोमियम स्वतःवर एक पापुद्रा धरते, केसापेक्षा हजारो पट पातळ. खरवडला तरी लगेच पुन्हा येतो. आपल्या घरातले स्टीलचे डबे गंजत नाहीत ते या पापुद्र्यामुळे, आणि डाख बसत नाही तीही त्याच्यामुळेच. एकट्या टाकणखाराला तो विरघळत नाही. त्यासाठी फ्लोराइड असलेला फ्लक्स लागतो.

हे उस्तादांना विचारले असते तर दोन मिनिटांत कळले असते. पण ते गावी गेले होते आणि साहेबांना धीर नव्हता. उल्हासनगरच्या बाजारातून तो फ्लक्स आणि स्वस्तातली चांदीची काडी घेऊन आला. पाऊस होता म्हणून शटर अर्धे ओढून काम केले.

ती काडी साडेसहाशे अंशांच्या आतच वितळते. याचा हात पितळाचा, म्हणजे नऊशे अंशांच्या सवयीचा. शिवाय स्टेनलेसमधून उष्णता साध्या लोखंडाच्या तिसऱ्या हिश्शानेच पुढे जाते. म्हणूनच स्टीलच्या पातेल्यात खीर मधोमध करपते. ज्योत एका जागी राहिली, तो भाग लाल झाला आणि पिवळसर धूर निघाला. सांधा बसला म्हणून साहेब खुशीत घरी आले. रात्री अंगात थंडी भरली, ताप चढला, छाती आवळल्यासारखी झाली. आपाला वाटले मलेरिया. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "आज काय वितळवलंस?" काडीचे पाकीट खिशातच होते. त्यावर बारीक अक्षरात कॅडमियम लिहिले होते.

कॅडमियम मिसळले की चांदी कमी लागते आणि काडी छान वाहते, म्हणून ती स्वस्त. पण कॅडमियम 765 अंशांना उकळते आणि त्याची वाफ फुप्फुसात जाते. त्रास काही तासांनी सुरू होतो, साध्या तापासारखा दिसतो आणि जीवही घेऊ शकतो. युरोपात अशा काड्यांवर 2011पासून बंदी आहे. आपल्याकडे मिळतात. ज्यांची मुले अशा कामावर आहेत त्यांनी त्यांचे पाकीट एकदा पाहावे. कॅडमियमसाठी त्यावर इंग्रजी सी आणि डी ही अक्षरे असतात. कामानंतर ताप आला तर डॉक्टरांना धुराचे आधी सांगावे.

अल्हमदुलिल्लाह, दोन रात्री दवाखान्यात काढून तो घरी आला. आपाने सायकल भंगारात द्यायला काढली होती. ती थांबवली उस्तादांनी, घरी येऊन, आपाची माफी मागून.

सूरह सबामध्ये हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख आहे. मुलांना शिकवताना आपण तिथेच थांबतो. चिलखताच्या कड्या मापात जोडण्याचा हुकूमही तिथेच आहे, त्याकडे माझेही लक्ष उस्तादांचे काम पाहताना गेले.

त्यांनी जुना सांधा सोडवून घासून काढला. पट्टी आणि नळीतली फट कागदाच्या जाडीपेक्षा जास्त ठेवली नाही, कारण मोठ्या फटीत डाख ओढला जात नाही. काडी कॅडमियम नसलेली, थोडे निकेल असलेली. निकेल नसेल तर स्टेनलेसचा सांधा वरून चांगला दिसतो आणि ओल लागून लागून काही महिन्यांनी कडेने सुटतो. आपल्याकडच्या पावसात हे महत्त्वाचे. काम उघड्यावर, वारा पाठीकडून, कारण फ्लोराइडचा धूरही घशाला वाईट. ज्योत सतत हलती. फ्लक्स आधी फसफसला, मग काचेसारखा नितळ झाला, तेव्हा काडी टेकवली. डाख एका बाजूने आत गेला आणि दुसऱ्या बाजूला बारीक रेघ उमटली. नंतर सांधा गरम पाण्यात भिजवून उरलेला फ्लक्स घासून काढला. तो राहिला तर धातू खातो.

परवा शेजारच्या भाभींनी स्टीलच्या किटलीची तोटी जोडायला दिली. भाच्याने किटली उलटी करून पाहिली आणि सांगितले, "भाभी, यात चहा होतो ना? मग उस्तादांना विचारल्याशिवाय हात लावणार नाही." आपा स्वयंपाकघरातून ऐकत होती. बीकॉमचा फॉर्म अजून फ्रीजवर आहे.