कुत्र्याने तुमच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या खाल्ल्या तर?

"डॉक्टर, तुम्ही लिहून दिलेल्या कॅप्सूल आमच्या कुत्र्याने खाल्ल्या. व्हिटॅमिनच आहे, काही होणार नाही ना?" असा फोन येतो तेव्हा मला गोळीपेक्षा त्या 'व्हिटॅमिनच' शब्दाची जास्त काळजी वाटते. व्हिटॅमिन हेही औषध आहे आणि त्याचा डोस असतो.

आठवड्यातून एकदा घ्यायची व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची कॅप्सूल आज घरोघरी आहे. दहा किलोच्या कुत्र्याला एका कॅप्सूलनेही त्रास होऊ शकतो. चार खाल्ल्या तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. सुस्ती, उलट्या, खूप तहान ही लक्षणं दिसायला एक-दोन दिवसही लागतात. तोवर कुत्रा मजेत खेळत असतो आणि आपण निर्धास्त राहतो.

गरोदरपणात मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. पाच किलोच्या कुत्र्याच्या पोटात अशा पाच गोळ्या गेल्या तर जिवावर बेतू शकतं. आधी उलट्या, रक्ताचे जुलाब. मग काही तास बरं वाटतं आणि त्यानंतर यकृत बिघडतं. मधलं ते बरं वाटणं फसवं असतं. बिनसाखरेच्या चघळायच्या गोळ्यांत झायलिटॉल असेल तर अर्ध्या तासातच कुत्र्याची साखर धोकादायक खाली जाऊ शकते. नुसत्या बी-कॉम्प्लेक्स किंवा सी व्हिटॅमिनच्या एक-दोन गोळ्यांवर मात्र बहुधा पोट बिघडण्यावरच निभावतं.

म्हणून लक्षणांची वाट पाहू नका. स्ट्रिप हातात घ्या, किती गोळ्या गेल्या ते मोजा, वेळ आणि कुत्र्याचं वजन लिहा आणि लगेच पशुवैद्यकांना फोन करा. पहिल्या एक-दोन तासांत ते सुरक्षितपणे उलटी करवू शकतात. घरी मीठ-पाणी पाजू नका. त्याने रक्तातलं सोडियम वाढून वेगळंच संकट येतं. उतारा म्हणून दूधही नको; व्हिटॅमिन डी जास्त झालं असताना त्यात कॅल्शियमची भर कशाला? नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे जनावरांवर उपचार होतात. मला फोन करण्यात वेळ घालवू नका. माझं शिक्षण माणसांचं आहे.

यात थोडा दोष आम्हा डॉक्टरांचाही आहे. 'ताकदीची गोळी' म्हणून आम्ही लिहून देतो, पण ती कुठे ठेवायची हे सांगत नाही. बीपीची गोळी कपाटात जाते आणि व्हिटॅमिनची स्ट्रिप जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी पडून राहते. आज ती कुत्र्याच्या तोंडी लागली. उद्या तिथवर तुमचं दीड वर्षाचं नातवंडही पोचेल, आणि लोहाच्या गोळ्या लहान मुलांनाही तितक्याच घातक आहेत.

हे वाचून झालं की उठा आणि ती स्ट्रिप कपाटात ठेवा.