इथेनॉल कुजते, बेंझिन मागे राहते

२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलवरून गेल्या वर्षभरात भरपूर वाद झाला. मायलेज किती घटले, जुन्या दुचाकींच्या रबरी नळ्या टिकतील का, उसाला पाणी कुठून आणायचे, असे प्रश्न घेऊन लोक समाजमाध्यमांवर भांडले आणि २०२५ च्या सप्टेंबरात प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारात जाऊन परतही आले. हे सगळे प्रश्न रास्त आहेत. पण पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून हे मिश्रण मातीत झिरपले, तर शेजारच्या विहिरीचे काय होईल, हा प्रश्न जवळजवळ कोणीच विचारला नाही. विचारलाच तर एक ठरावीक उत्तर मिळते. इथेनॉल उसापासून आणि धान्यापासून बनते, मातीतले जिवाणू ते काही दिवसांत फस्त करतात, त्यामुळे जेवढे इथेनॉल जास्त तेवढे प्रदूषण कमी. यातला पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि ज्या राज्यातली खेडी पिण्याच्या पाण्यासाठी विहिरी आणि बोअरवर अवलंबून आहेत त्या राज्याला ही चूक परवडणारी नाही.

चूक कुठे होते ते नीट पाहू. पेट्रोल हे शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. त्यातले भूजलाच्या दृष्टीने सर्वांत घातक म्हणजे बेंझिन. ते पाण्यात बऱ्यापैकी विरघळते आणि त्याने रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध आहे. भारत स्टेज-६ च्या मानकानुसार पेट्रोलमध्ये बेंझिन १ टक्क्यापर्यंत चालते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. हिशेब केला तर १ लिटर पेट्रोलमधले बेंझिन आठ-नऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. सुदैवाने मातीत बेंझिन खाणारे जिवाणूही असतात, आणि हवा खेळती असेल तर ते आपले काम चोख करतात. साध्या पेट्रोलची गळती झाली की भूजलात बेंझिनचा पट्टा काही अंतर सरकतो आणि जिवाणूंच्या भुकेपुढे थबकतो, हे अनेक देशांतल्या गळतीच्या जागी दिसून आले आहे. या नैसर्गिक सफाईला प्राणवायू लागतो, आणि जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू फार थोडा असतो.

नेमके तिथेच इथेनॉल आडवे येते. १ ग्रॅम इथेनॉल पूर्ण पचवायला २ ग्रॅमहून थोडा जास्त प्राणवायू खर्च होतो. १ लिटर ई-२० मध्ये २०० मिलिलिटर, म्हणजे सुमारे १५८ ग्रॅम इथेनॉल असते. त्याला ३३० ग्रॅमच्या आसपास प्राणवायू हवा. आपल्याकडच्या तापमानाला चांगल्या खेळत्या पाण्यातही लिटरमागे ८ मिलिग्रॅमच प्राणवायू विरघळलेला असतो. म्हणजे एका लिटर मिश्रणातले इथेनॉल कुजवण्यात सुमारे ४० हजार लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू संपतो. उन्हाळ्यात गावात येणाऱ्या दहा हजार लिटरच्या टँकरचे माप घेतले, तर चार टँकर भरून पाणी! एकाच चुलीवर मर्यादित सरपणात सगळे शिजवायचे असेल आणि तांदळावरच सरपण संपले, तर डाळ कच्ची राहते. तसे हे आहे. जिवाणूंना इथेनॉल सोपे, बेंझिन अवघड. सोपे अन्न समोर असताना अवघड अन्न पचवणारी विकरे ते तयारच करत नाहीत, आणि इथेनॉल संपेपर्यंत प्राणवायूही संपलेला असतो.

प्राणवायू संपला म्हणून जीवसृष्टी थांबत नाही, पुढची फळी कामाला लागते. आधी नायट्रेटवर, मग मातीतल्या मँगनीज आणि लोहाच्या ऑक्साइडांवर, मग सल्फेटवर जगणारे जिवाणू इथेनॉल पचवत राहतात. लोह विरघळले की पाण्याला तांबूस झाक येते, सल्फेटची पाळी आली की कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. शेवटी इथेनॉलपासून ॲसेटिक आणि ब्युटिरिक आम्ल तयार होते, ज्याचा वास आंबूस आणि खवट लोण्यासारखा असतो, आणि तिथून पुढे मिथेन. विहिरीवर पाणी भरणाऱ्याला वास येतो तो या आम्लांचा आणि सल्फाइडचा. मिथेनला वास नाही, आणि पाण्यात मायक्रोग्रॅमांच्या मापात असलेले बेंझिन तर नाकाला किंवा जिभेला कळणारच नाही.

हे निव्वळ कागदावरचे तर्क नाहीत. ब्राझीलने १९७५ मध्ये प्रोअल्कोल कार्यक्रम सुरू केला आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल आपल्या कितीतरी आधी सर्रास वापरले. तिथल्या सांता कातारिना संघीय विद्यापीठाचे प्रा. हेन्री कोर्सुइल यांच्या चमूने १९९८ मध्ये फ्लोरियानोपोलिसजवळच्या रेसाकादा प्रयोगक्षेत्रावर २४ टक्के इथेनॉल असलेले १०० लिटर पेट्रोल मुद्दाम भूजलात सोडले आणि पुढची कित्येक वर्षे त्याचा माग काढला. इथेनॉल असेपर्यंत बेंझिनचा पट्टा पसरत राहिला, इथेनॉल संपल्यावर तो आक्रसू लागला. कॅलिफोर्नियात वँडेनबर्ग हवाई तळावर शेजारी-शेजारी दोन पट्ट्यांत प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. एका पट्ट्यात बेंझिन आणि त्याची भावंडे, दुसऱ्यात तीच अधिक इथेनॉल. इथेनॉल असलेल्या पट्ट्यात जिवाणूंनी सल्फेट संपवले, मिथेन बनू लागला आणि बेंझिनचे विघटन रेंगाळले. म्हणजे इथेनॉलवाल्यांचे म्हणणे आणि माझे म्हणणे एकाच निरीक्षणावर उभे आहे. इथेनॉल लवकर कुजते हे खरेच, आणि ते लवकर कुजते म्हणूनच बेंझिनला मोकळे रान मिळते.

नदी-नाल्यांबद्दल महाराष्ट्राला वेगळे समजावून सांगायला नको. साखर कारखान्याच्या आसवनीचा स्पेंट वॉश नदीत शिरला की मासे पाण्यावर येऊन तडफडतात. तिथेही जिवाणू सहज पचणारे सेंद्रिय द्रव्य खाऊन प्राणवायू संपवतात. २००० साली अमेरिकेत केंटकी नदीकाठच्या मद्याच्या गोदामाला आग लागून दारू नदीत वाहून गेली, तेव्हा मैलोगणती मासे मेले ते याच कारणाने. इथेनॉलचे टँकर आता राज्यभर कारखाने ते डेपो अशा फेऱ्या मारतात. नाल्याकाठी एखादा टँकर उलटला तर आगीची काळजी पहिली, पण पाण्याची काळजी लगेच दुसरी असायला हवी. डिझेलमध्ये मिसळण्याच्या बायोडिझेलची गोष्ट तुलनेने सौम्य आहे. ते साध्या डिझेलच्या साधारण चौपट वेगाने विघटित होते आणि सोबतच्या डिझेलचे विघटनही थोडे वाढवते. त्यात बेंझिनची चिंता फारशी नाही.

इथेनॉलपासून बनणाऱ्या मिथेनकडे मात्र कोणाचेच लक्ष नाही. हवेत तो ५ ते १५ टक्के असेल तर ठिणगीने स्फोट होतो. पंपाजवळचे तळघर, केबलचा डक्ट, बंदिस्त गटार या जागा त्याच्या साठवणीच्या. शिवाय मिथेन मातीच्या वरच्या थरातून वर येताना तिथले जिवाणू तोही खातात आणि तिथलाही प्राणवायू वापरून टाकतात. एरवी त्या थरात अडणारी बेंझिनची वाफ मग अडत नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात इथेनॉल वाहून नेणाऱ्या रेल्वेच्या अपघातांनंतर जमिनीतला मिथेन पुढे बराच काळ मोजावा लागला. दिवसा-दोन दिवसांची सफाई आणि मातीचा ढीग उचलला की प्रकरण संपले, असे मानणाऱ्या आपत्कालीन यंत्रणेला ही बाब ठाऊक असली पाहिजे.

यावर काही आक्षेप येतील, आणि ते दमदार आहेत. पहिला असा की इथेनॉलच्या आधी ऑक्टेन वाढवायला वापरले जाणारे एमटीबीई कितीतरी वाईट होते. अगदी खरे. त्याने १९९६ मध्ये सांता मोनिका शहराच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बंद पाडल्या, कारण ते फारच हळू कुजते, आणि कॅलिफोर्नियाला ते बंद करावे लागले. इथेनॉल त्याहून शतपटीने बरे. पण आपण एमटीबीईशी स्पर्धा लावलेली नाही, आपल्या विहिरींची राखण करायची आहे. दुसरा आक्षेप शास्त्रीय आहे. इथेनॉलवर पोसलेली जिवाणूंची फौज पुढे बेंझिनकडे वळते आणि अखेरीस सफाई वेगाने होते, शिवाय इथेनॉल जितके जास्त तितके मूळ बेंझिन कमी. हेही खरे आहे, आणि रेसाकादाने ते दाखवले. पण त्याच संशोधन परंपरेतली गणिती प्रारूपे सांगतात की पट्टा लांबण्याचा परिणाम ई-८५ सारख्या मिश्रणात कमी आणि ई-१०, ई-२० सारख्या मिश्रणांत जास्त ठळक असतो, कारण त्यांत बेंझिनही भरपूर आणि प्राणवायू संपवायला इथेनॉलही पुरेसे. आपण नेमके त्याच टप्प्यावर आहोत. आणि काही वर्षांनी सफाई होईल, हा दिलासा आज त्या विहिरीचे पाणी पिणाऱ्या घराला काय कामाचा?

तिसरा आक्षेप, आपल्या पंपांच्या टाक्या गळत नाहीत. मी तो मान्य करायला आनंदाने तयार आहे, फक्त पुरावा हवा. अमेरिकेत १९८० च्या दशकापासून भूमिगत टाक्यांच्या पाच लाखांहून अधिक गळती अधिकृतपणे नोंदल्या गेल्या, कारण तिथे शोधण्याची सक्ती झाली. इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळ्यात टाकीत पाणी शिरून ते एका मर्यादेपुढे गेले, तर इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. तळाला छिद्र असेल तर बाहेर पडणारा द्रव मग ई-२० नसतो, बहुतांश इथेनॉलच असतो. ॲसेटिक आम्ल बनवणारे जिवाणू अशा ओलसर, इथेनॉलच्या वाफेच्या जागी धातू गंजवतात, हेही अमेरिकेतल्या टाक्यांच्या तपासणीत पुढे आले आहे. देशात ९० हजारांहून जास्त पंप आहेत. त्यांतल्या एकाही टाकीला कधी छिद्र पडले नसेल, असे गृहीत धरून धोरण आखता येत नाही.

महाराष्ट्राच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. रेसाकादा आणि वँडेनबर्गचे प्रयोग वाळू-गाळाच्या जमिनीत झाले, जिथे पाणी संथपणे आणि बऱ्यापैकी सारखे सरकते. आपल्या राज्याच्या सुमारे ८० टक्के भूभागाखाली दख्खनचा काळा कातळ आहे. वरच्या मुरमात आणि खालच्या भेगा-सांध्यांत पाणी असते, विहिरीचे झरे त्या भेगांतूनच येतात. भेगेतून दूषित पाणी एका दिशेला झपाट्याने जाऊ शकते आणि पंपाला चिकटून असलेली दुसरी विहीर स्वच्छ राहू शकते. पंपापासून ३० किंवा ५० मीटर अंतर ठेवण्याचा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२० चा नियम घरे, शाळा, रुग्णालये यांच्यासाठी आहे. भेगांचे जाळे अशा मीटरांना जुमानत नाही. उष्ण मातीत जिवाणू जोमाने काम करतात, म्हणजे इथेनॉल लवकर संपेल आणि मिथेनही लवकर बनेल. पावसाळ्यात पातळी वर येते, उन्हाळ्यात खोल जाते, त्यामुळे प्राणवायूची आवक-जावकही वर्षभर बदलते. या सगळ्याचा एकत्रित परिणाम ब्राझीलच्या आकड्यांवरून ठरवता येणार नाही. तो इथेच मोजावा लागेल.

म्हणून मागणी साधी आहे. इथेनॉल थांबवा असे मी म्हणत नाही, ऊस उत्पादकाला मिळालेला आधार काढून घ्या असेही नाही. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्के मिश्रण गाठले, २०३० ची मुदत अलीकडे आणून २०२५ मध्ये २० टक्के गाठले. या वेगाने मिश्रण वाढवणाऱ्या यंत्रणेला त्याच वेगाने निरीक्षण विहिरीही खोदता येतील. सुरुवात जुन्या पंपांपासून, मनमाडजवळच्या पानेवाडीसारख्या डेपोंच्या परिसरापासून आणि पाणीपुरवठा योजनांच्या विहिरींजवळच्या टाक्यांपासून करावी. पावसाळ्याआधी आणि नंतर बेंझिन, विरघळलेला प्राणवायू, लोह, सल्फेट, ॲसेटेट आणि मिथेन तपासावे, कारण एकट्या इथेनॉलची चाचणी निरर्थक ठरेल. ते तोवर कुजून गेलेले असते आणि अहवाल निर्दोष येतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे राज्यभरच्या निरीक्षण विहिरींचे जाळे आहे. टाक्यांच्या परवान्यांचे काम पाहणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे, राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचेही (नीरी). तिघांनी एकत्र बसायला नागपूर पुरेसे आहे. खर्च तेल कंपन्यांनी करावा आणि निकाल त्या-त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. २० टक्क्यांच्या पुढे जाण्याची चर्चा आता सुरू झाली आहे. दख्खनच्या कातळातल्या एका पूर्ण वर्षाचे हे निकाल जाहीर होईपर्यंत सरकारने तो निर्णय घेऊ नये.