उन्हाळा आला, म्हणून बीपीची गोळी बंद?

आखाजीच्या सुमारास जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. धुळेही फार मागे नसते. याच दिवसांत बीपीची गोळी घेणाऱ्या अनेकांना खाटेवरून उठताना घेरी येते. शेजारी सांगतो, ‘बीपी लो झाला असंल, गोळी बंद कर.’ गोळी बंद होते आणि पावसाळा उलटला तरी पुन्हा सुरू होत नाही.

शेजाऱ्याचे म्हणणे निम्मे खरे असते, म्हणूनच ते घातक ठरते. उकाड्यात त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घामावाटे पाणी आणि मीठ जाते, त्यामुळे रक्तदाब हिवाळ्यापेक्षा थोडा उतरतो. त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोर्थॅलिडोनसारखी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर शरीर आणखी कोरडे पडते. काहींचा डोस खरोखरच कमी करावा लागतो. पण तो कुणाचा, हे आधी बसून आणि मग उभे राहून मोजलेल्या रक्तदाबावरून डॉक्टर ठरवतात. घेरी उपाशीपोटी उन्हात राबल्यानेही येते. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल किंवा क्लोनिडिन एकाएकी थांबवले, तर रक्तदाब उसळू शकतो. हृदयविकार असलेल्याला झटकाही येऊ शकतो. ॲम्लोडिपिन सोडल्यावर काही दिवस काहीच जाणवत नाही, ते अधिक फसवे.

याहून कमी बोलले जाते ते दुखण्याच्या गोळीबद्दल. केळीचे घड वाहून पाठ धरली, की मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणले जाते. ही औषधे मुळात रक्तदाब वाढवतात. शिवाय टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि ही वेदनाशामक गोळी अशी तिन्ही पोटात, त्यात अंगातले पाणी आटलेले, असे झाले तर मूत्रपिंडाला अचानक इजा होऊ शकते. जुलाब-उलट्या लागल्या, तर कोणती गोळी तात्पुरती थांबवायची हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. (रावेर-यावलच्या केळीला बहुतेकांनी घाबरायचे कारण नाही, मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी तेवढे विचारून खावे.) टेल्मिसार्टनला दमट हवा मानवत नाही, त्यामुळे ती स्ट्रिपमधून आधीच काढून डबीत भरू नये. तापलेल्या पत्र्याखालच्या फळीवर तर कोणतीच गोळी ठेवू नये.

रुग्णाला अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. त्याला हे सांगितले कुणी? उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. ठरलेली मोजकी औषधे, जवळच्या केंद्रात नियमित पुरवठा आणि तारखेला न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा, असा तो साधा बेत. खान्देशात त्याला उन्हाळ्याची जोड हवी. होळी झाली, की प्रत्येक रुग्णाला बोलावून उभ्याने रक्तदाब मोजावा आणि दोन-तीन औषधे घेणाऱ्यांचे क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासावे. तो कोणत्या वेदनाशामक गोळ्या घेतो, हेही विचारावे. दुसरी तारीख ऑक्टोबरची द्यावी, कारण मे महिन्यात कमी केलेला डोस थंडीत बहुधा पुरत नाही.