खेळाला वैद्याचा दाखला

टेनिस खेळल्याने आयुष्य ९.७ वर्षांनी वाढते, हे विधान आरोग्यविषयक लिखाणात आता सुभाषितासारखे वापरले जाते. अलीकडे पिकलबॉलचे प्रवक्तेही याच आकड्याच्या पुण्याईवर आपले दुकान मांडतात. मूळ निबंध २०१८ साली 'मेयो क्लिनिक प्रोसीडिंग्ज'मध्ये प्रसिद्ध झाला. कोपनहेगनमधील साडेआठ हजारांहून अधिक माणसांचा सुमारे पंचवीस वर्षांचा मागोवा त्याच्या मुळाशी आहे. बैठे आयुष्य जगणाऱ्यांच्या तुलनेत टेनिसवाले ९.७, बॅडमिंटनवाले ६.२, सायकलवाले ३.७ आणि जिममध्ये घाम गाळणारे अवघी १.५ वर्षे अधिक जगतात, असा त्याचा ताळा. ज्या खेळांत माणसांची गाठभेट घडते, ते खेळ या यादीत वर दिसतात, ही त्यातली खरी लक्षणीय गोष्ट. मात्र ही केवळ निरीक्षणे आहेत, यातून कार्यकारणसंबंध निश्चित होत नाही, अशी पुस्ती खुद्द संशोधकांनीच जोडली होती. ती पुस्ती वाटेत कुठेतरी गळाली आणि आकडा तेवढा उरला.

आमचे भांडण वैद्यकाशी नाही. खेळाला घरात घेण्यापूर्वी त्याच्याकडे वैद्याचा दाखला मागण्याच्या वृत्तीशी आहे. 'फिट राहा आणि कनेक्टेड राहा' या घोषवाक्यातला पहिला भाग शरीराची खतावणी लिहितो, तर दुसरा मैत्रीची. जाळीपलीकडे उभा असलेला माणूस इथे माणूस नसतो. आपल्या दीर्घायुष्याच्या खात्यात जमा होणारी ती एक रक्कम असते. मराठीत अशा माणसासाठी 'भिडू' हा शब्द आहे, 'गडी' आहे, 'सवंगडी' आहे. 'गडी' या शब्दाने नोकराचाही बोध होतो आणि खेळाडूचाही. ज्याला घरात पाटावर बसवले जात नव्हते त्याला आणि ज्याच्यावाचून डाव मांडता येत नव्हता त्यालाही भाषेने एकच शब्द दिला, यात काही सामाजिक इतिहास दडला असावा. 'कनेक्शन' या शब्दाला असा इतिहास नाही. ते घेता येते आणि तोडताही येते.

परंतु केवळ आरोग्यस्तंभांना दोष देऊन साहित्याच्या शिक्षकांना हात झटकता येणार नाहीत. तुकारामांच्या गाथेत चेंडूफळी आहे, हमामा आहे, हुतुतू, फुगडी, विटीदांडू आहे. वर्गात आपण काय करतो? चेंडू म्हणजे अमुक, फळी म्हणजे तमुक असे समीकरण फळ्यावर लिहितो आणि विद्यार्थी ते उत्तरपत्रिकेत उतरवतो. रूपक तिथे आहे, याबद्दल वाद नाही. पण चेंडू हातातून निसटल्यावर छातीत जे धस्स होते, ते ज्याला ठाऊक नाही त्याच्यापर्यंत ते रूपक पोचणार कसे? अध्यात्माने खेळाला प्रतीक केले, वैद्यकाने त्याला औषध केले. दोन्हीकडे गृहीतक एकच: खेळ हा दुसऱ्या कशासाठी तरी असला पाहिजे. आम्हीही वर्षानुवर्षे असेच शिकवत आलो, ही कबुली इथेच दिलेली बरी.

पिकलबॉलचेच पाहा. (शब्दशः पाहिले तर ही चेंडूफळीच; भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू आणि हातात चपटी फळी.) १९६५ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅक्कलम यांनी तो जमवला. अंगणात बॅडमिंटनचे जुने कोर्ट होते, साहित्य धड सापडेना, म्हणून टेबल टेनिसच्या फळ्या घेतल्या आणि पुढे जाळी खाली आणली. कोर्टाचे माप मात्र बॅडमिंटनचेच राहिले, ४४ फूट बाय २० फूट. बॅडमिंटनचे जुने नाव 'पूना'. तेव्हा हे माप आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. जाळीच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा असतो. त्यात उभे राहून चेंडू टप्पा पडण्याआधी मारता येत नाही. या पट्ट्याला 'किचन' म्हणतात. नियमाने जोर दाखवायला बंदी असलेले दुसरे स्वयंपाकघर आमच्या पाहण्यात नाही.

या सात फुटांमुळे दांडग्याचा दांडगेपणा बोथट होतो, सर्व्हिस खालून करावी लागल्याने आणखी बोथट होतो. साठीची बाई आणि विशीचा मुलगा यांचा डाव रंगू शकतो. चौघेही एकमेकांच्या इतके जवळ असतात की पुटपुटलेले ऐकू येते. टेनिसच्या ७८ फुटांवर ते शक्य नाही. तिथे एकेरी खेळणारे दोघे तासभर बोलल्याविना खेळू शकतात. म्हणजे स्नेह असलाच तर तो मापांत आणि नियमांत आहे. कोर्ट भाड्याने देणाऱ्याच्या जाहिरातीत तो नाही.

आणि स्नेह कोणाशी? मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरच्या जिमखान्यांची नावेच वाचावीत: पारशी, हिंदू, इस्लाम. ती मंडळी आपसांत घट्ट 'कनेक्टेड' होती, याविषयी शंका नको. पळवणकर बाळू पुण्यात हिंदू संघासाठी गोलंदाजी करत. त्यांच्या हातचा चेंडू चालत होता, चहा मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यातून मिळे. खेळ आपोआप माणसे जोडतो म्हणणाऱ्यांनी या भांड्याचे काय करायचे ते सांगावे. आज ते भांडे दिसत नाही. आज तासाचे भाडे असते, गृहसंकुलाचे फाटक असते आणि त्या फाटकावर उभ्या 'गड्या'ने संध्याकाळी फळी हातात घेतलेली आम्ही अजून पाहिलेली नाही.

यावर एक आक्षेप येईल: लोक निदान आरोग्याच्या निमित्ताने तरी मैदानावर येतात ना, मग बिघडले कुठे? बिघडते ते असे, की मनगटावरच्या घड्याळाने आजचा कोटा पुरा झाल्याचे सांगितले की असा माणूस ९-९ वर डाव सोडून निघतो. आमच्यापैकी चौघे हे वर्षभर अनुभवत आहेत. त्या चौघांत पंच नाही. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे ज्याचे त्याने सांगायचे आणि शंका आली तर गुण समोरच्याला द्यायचा, हा नियमच आहे. गेल्या आठवड्यात या शंकेवरून पाऊण तास वाद झाला, भाड्याची वेळ संपली, दिवे मालवले गेले आणि घड्याळात कॅलरी म्हणाव्या तशा जळल्याच नाहीत. वाद अजून मिटलेला नाही. शनिवारी पुन्हा जायचे आहे.