गोष्टीची पत

खाली दुकान आणि वर घर अशा वास्तूत वाढणारे मूल जन्मापासून माणसांच्या वर्दळीत असते. नांदेडचे वजिराबाद असो की लातूरची गंजगोलाई, गुमास्ते, हमाल, गिऱ्हाइके आणि परगावचे पाहुणे यांची ये-जा दिवसभर चालू राहते. त्या मुलाने प्रत्येकाला ‘जय जिनेंद्र’ म्हणावे, काट्याला हात लावू नये, हिशेब चालू असताना बोलू नये, अशी सर्वांची अपेक्षा असते. मात्र पुढच्या घटकेला काय घडणार आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. मग ते भेदरून रडले की ‘हट्टी’ ठरते आणि त्याच्या आईला चार शब्द ऐकावे लागतात.

कित्येकदा सांगितले जाते तेही खरे नसते. ‘डॉक्टर काही करणार नाहीत, नुसते बघतील,’ असे म्हणून मुलाला नेले जाते आणि तेथे सुई टोचली जाते. पुढच्या खेपेला ते दवाखान्याच्या दारातच आकांत करते. एक हुंडी परत आली की त्या पेढीची पत बाजारात काय उरते, हे व्यापारी घराला समजावून सांगण्याची गरज नाही. चार वर्षांचे मूलही मनातल्या मनात अशी खातेवही ठेवत असते.

अमेरिकेतील मिशिगन राज्यातील शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी १९९० नंतरच्या काळात स्वमग्न मुलांसाठी ‘सोशल स्टोरीज’ ही पद्धत घडवली. मराठीत तिला ‘व्यवहारकथा’ म्हणता येईल. एखादा नेहमीचा प्रसंग, त्यात कोण काय करते, का करते आणि त्या वेळी मुलाला काय करता येईल, हे सोप्या वाक्यांत लिहून मुलाला वाचून दाखवायचे. ग्रे यांचा आग्रह असा की आज्ञेचे वाक्य एक असेल, तर वर्णनाची किमान दोन असावीत. लहान मुलासाठी बहुधा ‘मी’ असे लिहावे. ‘नेहमी’ऐवजी ‘बहुतेक वेळा’, ‘कधी कधी’ असे शब्द वापरावेत, म्हणजे प्रसंग थोडा बदलला तरी गोष्ट खोटी पडत नाही. आणि ती वाचायची ती रडारड चालू असताना नव्हे, तर आधीचे काही दिवस, निवांत वेळी.

पंचतंत्रातील कथेला तात्पर्य असते. पण अगदी लहान वयात कोल्हा लक्षात राहतो आणि तात्पर्य निसटते. व्यवहारकथेत तात्पर्य नसतेच, असते ती माहिती. मुलाच्या बाजूने पाहण्याची ही रीत महाराष्ट्राला अगदीच अपरिचित नाही. १९४५ मध्ये बोर्डी येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली.

लातूरचे एक उदाहरण घेऊ. ज्या शहराने एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी पाहिले, तेथे नळ आला की घरात केवढी धांदल उडते! मुलाला मात्र पाणी म्हणजे खेळ वाटतो, आणि त्याच्या पाठीत धपाटा बसतो. त्याच्यासाठी गोष्ट अशी लिहिता येईल:

‘आमच्या नळाला रोज पाणी येत नाही. पाणी येते तेव्हा आई आणि काका टाकी, हंडे, बादल्या भरतात. मोटारीचा मोठा आवाज होतो. पाणी किती वेळ राहील हे त्यांना ठाऊक नसते, म्हणून सगळे घाईत असतात. कधी कधी ते मोठ्याने बोलतात. ते माझ्यावर रागावलेले असतातच असे नाही. मी माझा छोटा तांब्या भरू शकतो. पाणी भरून झाल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसते.’

शेवटचे वाक्य आई खरोखर येऊन बसणार असेल तरच लिहावे.

धाकाच्या गोष्टींचा हिशेब याहून गंभीर आहे. ‘गप्प बस, नाही तर पोलिसाला देईन,’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. हेच मूल नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत हात सुटून हरवले, तर ज्या खाकी गणवेशाकडे त्याने धाव घ्यावी, त्यालाच पाहून ते एखाद्या दुकानाच्या कनातीमागे लपेल. यात्रेला निघण्याआधी आठवडाभर वाचायची गोष्ट वेगळी असते: तेथे फार माणसे असतात, कधी कधी हात सुटतो, मग मी आहे तेथेच थांबतो, पोलीसकाका दिसले तर त्यांना माझे नाव सांगतो, आई-बाबा मला शोधत असतात. मुलाला पूर्ण नाव आणि घरातल्या एकाचा फोन नंबर पाठ असणे हे त्याच गोष्टीचे अंग समजावे.

या पद्धतीला चमत्कार मानू नये. तिचा परिणाम सर्व मुलांवर सारखा होत नाही. तसेच दोन-अडीच वर्षांचे मूल हाक मारल्यावर वळत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, किंवा येत असलेले शब्द बोलेनासे झाले असेल, तर गोष्टी लिहीत बसण्याआधी त्याची तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. २०१३ पासून राबवल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात यासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. थोरल्या बहिणीचे स्थळ मोडेल, घराण्याला नाव ठेवतील, या भीतीने ही तपासणी पुढे ढकलली जाते, आणि ज्या वर्षांत मदतीचा सर्वाधिक उपयोग झाला असता तीच वर्षे हातची जातात. स्थळ पाहणाऱ्यांना काय सांगावे याचा विचार नंतरही करता येईल.

लिहिण्याचे काम आजी-आजोबांकडे सोपवणे उत्तम. त्यांच्याजवळ वेळ असतो आणि अक्षरही बहुधा सुवाच्य असते. कोरी वही, एका पानावर एकच वाक्य, शेजारी घरातलाच फोटो किंवा साधे चित्र, एवढे पुरे. एका वेळी एकच प्रसंग घ्यावा. दुकानातला जिना बदलला, डॉक्टर बदलले, की पानही बदलावे. आणि निम्म्या गोष्टी मूल जे आधीच नीट करते त्यावर असाव्यात, हे ग्रे यांचे म्हणणे विसरू नये. दुकान वाढवून आजोबा वर आले की त्यांच्या हातातली पिशवी घ्यायला धावणाऱ्या नातीची गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर येऊ द्यावी.