मॅस्टोडॉनचा सर्व्हर बदलताय? जुना जिवंत आहे तोवरच बदला

२०१९मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर अकाउंट सस्पेंड झालं आणि बरेच भारतीय युजर्स रागाने मॅस्टोडॉनवर गेले. तिथे एकाच कंपनीची मर्जी चालत नाही, हे खरं. पण सर्व्हर कोणीतरी चालवतंच ना! २०२४च्या फेब्रुवारीत 'क्वीअर डॉट एएफ' हा सर्व्हर असाच गेला. 'एएफ' हे डोमेन अफगाणिस्तानचं. तालिबान सरकारने ते बंद केलं, विषय संपला.

सर्व्हर बदलणं तसं सोपं आहे. नवीन अकाउंट उघडायचं, त्याच्या सेटिंग्जमध्ये जुन्याचा पत्ता द्यायचा, मग जुन्या अकाउंटवरून 'मूव्ह' करायचं. फॉलोअर्स आपोआप नव्या अकाउंटकडे वळतात. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची आणि ब्लॉक केलेल्यांची यादी मात्र फाइल डाउनलोड करून स्वतः चढवावी लागते. पोस्ट जुन्या घरातच राहतात. ब्लूस्कायवर त्या सोबत नेता येतात, पण तिथे बहुतेक जण अजून कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत, म्हणजे स्वातंत्र्य बरंचसं कागदावरच.

खरी गोम पुढे आहे. 'हा माणूस तिकडे गेला' हा निरोप जुना सर्व्हरच पाठवतो. तोच बंद पडला तर फॉलोअर्सना कळवणार कोण? तेव्हा निदान याद्यांच्या फाइल्स आजच ब्राउझरमधून उतरवून ठेवा. आणि नवा सर्व्हर नीट पारखून घ्या, एकदा मूव्ह केलं की पुढचे ३० दिवस पुन्हा हलता येत नाही.