परक्या कारखान्याचा कंट्रोलर

सहामाही परीक्षा आटोपून दिवाळीची सुटी लागली, म्हणजे सांगली-साताऱ्याकडील पुष्कळ घरांत अलीकडे एक नवा वाद सुरू होतो. व्हिडिओ गेमच्या संचाबरोबर आलेला कंट्रोलर दीड-दोन वर्षांच्या वापरानें बिघडलेला असतो. मूळ कंपनीचा दुसरा घ्यावयाचा, तर पांच-सहा हजार रुपये मोजावे लागतात. इतर कारखानदारांचे कंट्रोलर हजार-दीड हजारांपासून तीन-साडेतीन हजारांपर्यंत मिळतात. चिरंजीव म्हणतात, “ओरिजिनलच पाहिजे.” वडील म्हणतात, “दिसायला सारखाच तर आहे, स्वस्तांतला घे.” मातोश्रींचें मत असें असतें कीं, बिघडला आहे तो बिघडलेलाच राहूं द्यावा, आणि परीक्षेचा निकाल पाहिल्यावर हें मत अगदींच टाकाऊ आहे असें कोणास म्हणतां येणार नाहीं!

शाळेच्या वार्षिकांत असल्या विषयास जागा असावी काय, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. परंतु पारखून वस्तु घेण्याचा पहिला महत्त्वाचा प्रसंग मुलांच्या आयुष्यांत हल्लीं अनेकदां याच निमित्तानें येतो. पूर्वीं तो बॅटच्या किंवा सायकलच्या निमित्तानें येत असे. खेळावें किती, हा प्रश्न निराळा आहे व तो घरोघरीं सुटावयाचा आहे. वस्तु घ्यावयाचीच ठरली, तर ती कशी पारखावी, एवढाच येथें विचार करावयाचा आहे. माझें मत असें कीं, वरील वादांत पितापुत्र दोघेहि भलत्याच ठिकाणीं पाहत असतात. एक नांवाकडे पाहतो, दुसरा किमतीकडे. वस्तूच्या आंत कोणीच पाहत नाहीं.

या घोटाळ्यास आपल्या बाजारांतील एक शब्द पुष्कळ अंशीं कारण आहे. तो शब्द म्हणजे ‘डुप्लिकेट’. मूळ कंपनीची नसलेली प्रत्येक वस्तु या एकाच शब्दाखालीं जाते. आजच्या पालकांपैकीं अनेकांचें बालपण अशाच एका वस्तूबरोबर गेलें आहे. १९९० नंतरच्या दशकांत टीव्हीला जोडावयाचे जे ‘व्हिडिओ गेम’ आपल्याकडे घरोघरीं आले, त्यांतील पुष्कळसे जपानच्या निंटेंडो कंपनीनें १९८३ सालीं काढलेल्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला होत्या. कॅसेटीवर लाखों खेळ असल्याचें छापलेलें असे. मोजूं गेल्यास तेच पांच-दहा खेळ नांवें बदलून पुनःपुन्हां येत. त्या अनुभवानें शहाणे झालेले वडील आज परक्या कारखान्याच्या प्रत्येक मालाकडे संशयानें पाहतात, किंवा ‘सगळें सारखेंच’ म्हणून सर्वांत स्वस्त तें उचलतात.

वस्तुतः ‘डुप्लिकेट’ या शब्दाखालीं दोन अगदीं निराळ्या जाती दडलेल्या आहेत. एक कारखानदार स्वतःचें नांव छापून, स्वतःच्या जबाबदारीवर कंट्रोलर विकतो. चीनमधील शेन्झेनची ‘एटबिटडू’ ही कंपनी किंवा दिल्लीच्या ‘अमकेट’चा ‘इव्होफॉक्स’ हा माल या जातीचा. दुसरा मनुष्य सोनीचें किंवा मायक्रोसॉफ्टचें चिन्ह चोरतो, हुबेहूब तसाच खोका तयार करतो व आंत वाटेल तें भरतो. पहिला प्रतिस्पर्धी आहे. दुसरा खोटें नाणें पाडणारा आहे. पहिल्याचा माल वाईट निघाला, तर कोणाचा वाईट निघाला हें जगास कळतें व पुढच्या गिऱ्हाइकास सावध होतां येतें. दुसऱ्याचा माल वाईट निघाला, तर बदनामी भलत्याचीच होते. हजार रुपयांत ‘ओरिजिनल’ मिळाला म्हणून जो आनंदानें घरीं येतो, तो बहुधा या दुसऱ्याचेंच गिऱ्हाइक झालेला असतो.

या भेदाचें उत्तम उदाहरण आपल्याच भागांत घडलेलें आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं बेळगांवास लोखंडी नांगर तयार केला. लोखंडी नांगर चांगला हवा तर तो विलायतेहूनच यावयाचा, अशा त्या काळीं एका देशी कारखान्याच्या नांगरावर विश्वास कोण ठेवणार? त्यांतून लोखंडानें जमिनींत विष भिनतें, अशीहि समजूत शेतकऱ्यांत पसरलेली होती. पहिले नांगर खपावयास सुमारें दोन वर्षें लागलीं. पुढें बेळगांवची जागा सोडावी लागली, तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडलजवळ जमीन दिली व १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. ती आज सांगली जिल्ह्यांतील पलूस तालुक्यांत मोडते. माल पडून आहे म्हणून त्यावर विलायती नांवाचा शिक्का मारण्याची वाट लक्ष्मणरावांनीं धरिली नाहीं. नांगर किर्लोस्कर या नांवानेंच शेतांत गेला व त्याची परीक्षा रानांतल्या मातीनें केली. ज्या भागांतील शेतकऱ्यांनीं अशी परीक्षा एकदां करून दाखविली, त्या भागांतील मुलांनीं केवळ खोक्यावरील चिन्ह पाहून निकाल द्यावा, हें मला बरें वाटत नाहीं.

आतां कंट्रोलरची माती कोणती, तें पाहूं. त्यावर अंगठ्यांनीं फिरवावयाच्या दोन आंखूड दांड्या असतात, व पुष्कळदां बिघाड तेथूनच सुरू होतो. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करण्याची खुंटी ज्यांनीं उघडून पाहिली असेल, त्यांना या दांडीची रचना लगेच समजेल. कार्बनच्या पट्टीवर धातूची एक बारीक जीभ घासत फिरते. ती पट्टीच्या कोणत्या भागावर आहे यावरून विजेचा दाब बदलतो व त्या बदलावरून दांडी किती वळली हें यंत्रास कळतें. परंतु घासणें आलें म्हणजे झिजणें आलेंच. पट्टी झिजली किंवा तींत धूळ शिरली, कीं दांडीस बोटहि न लावतां पडद्यावरील खेळाडू एका बाजूस चालूं लागतो. मुलें यास ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. रेडिओची खुंटी जुनी झाली म्हणजे जी खरखर ऐकूं येई, तिचेंच हें भावंड.

हा दोष स्वस्त मालांतच असतो, अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी. निंटेंडोच्या २०१७ सालीं निघालेल्या ‘स्विच’ यंत्राच्या कंट्रोलरांत तो इतका दिसून आला कीं, २०२० सालीं कंपनीच्या अध्यक्षांना भागधारकांच्या सभेंत ग्राहकांची क्षमा मागावी लागली. आणि गंमत अशी कीं, या दोषावरील उपाय कांहीं नवा नाहीं. १८७९ सालीं अमेरिकेंत एडविन हॉल नांवाच्या एका विद्यार्थ्यानें सोन्याच्या पातळ वर्खांतून वीज सोडली व त्याजवळ चुंबक आणिला. तेव्हां वर्खाच्या दोन कडांमध्यें विजेचा किंचित् दाब उत्पन्न झालेला त्यास आढळला. हाच ‘हॉल परिणाम’. दांडीच्या बुडाशीं बारीकसें चुंबक बसवून शेजारीं या तत्त्वावरचा संवेदक ठेविला, म्हणजे मोजमापासाठीं घासणारा भागच उरत नाहीं. सेगा कंपनीनें १९९८ सालच्या ‘ड्रीमकास्ट’च्या कंट्रोलरांत अशीच दांडी वापरली होती. तरीहि सोनीनें २०२० सालीं प्लेस्टेशन ५ बरोबर जो कंट्रोलर दिला, त्यांत कार्बनची पट्टीच आहे; आणि परके कारखानदार मात्र निम्म्या किमतीच्या मालांतहि चुंबकाची दांडी देऊं लागले आहेत. म्हणजे जो भाग आधीं मरावयाचा, तोच कांहीं परक्या मालांत अधिक टिकाऊ निघतो. ‘ओरिजिनलच पाहिजे’ म्हणणाऱ्या चिरंजीवांनीं हें ध्यानांत घ्यावें. मात्र खोक्यावर ‘हॉल’ हा शब्द दिसला कीं डोळे मिटावे, असेंहि नाहीं. दांडी मध्यभागीं आणणारी स्प्रिंग, बटणांखालचें रबर, आंतील बॅटरी, हीं सर्व एकाच दर्जाचीं असतीलच असा नेम नाहीं.

येथवर मुलांचे वडील हरले असें वाटेल. पण त्यांच्या संशयासहि आधार आहे. परका कंट्रोलर कितीहि चांगला असला, तरी समोरच्या यंत्रानें त्यास दार उघडलें पाहिजे. मायक्रोसॉफ्टनें नोव्हेंबर २०२३ पासून एक्सबॉक्सवर परवाना नसलेल्या कंट्रोलरांना दार बंद केलें. काल चालत होती ती वस्तु आज चालेनाशी झाली. प्लेस्टेशन ५ ची कथा याहून कडक. त्याचे स्वतःचे खेळ सोनीच्याच जुन्या, प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरनें खेळतां येत नाहींत, हें कंपनीनें २०२० मध्यें जाहीर केलें होतें. मग विनापरवाना परक्याची काय कथा! संगणकावर मात्र पुष्कळ मोकळीक आहे. २००५ सालच्या एक्सबॉक्स ३६० पासून विंडोजवर कंट्रोलरशीं बोलण्याची जी रीति पडली, तीच आज बहुतेक परके कारखानदार पाळतात. आपल्याकडील पुष्कळ मुलें मोबाइलवरच खेळतात. त्यांनीं तर आपला आवडता खेळ कंट्रोलरला ओळखतो कीं नाहीं हें आधीं पाहावें, कारण कांहीं खेळ त्यास मुळींच ओळखत नाहींत. अशा मुलाचे तीन हजार रुपये चांगल्या मालावरहि फुकट जातात.

कंपन्यांनीं असें दार लावून घ्यावें काय? फसवणुकीनें नेम साधून देणारीं उपकरणें त्यामुळें अडतात, हें खरें. सरळ खेळणाऱ्या मुलाचा त्यांत फायदा आहे. परंतु सर्वांचे हात सारखे नसतात. कोणास एकच हात चालतो, कोणास बोटें वळवितां येत नाहींत. अशांकरितां मायक्रोसॉफ्टनेंच २०१८ सालीं एक निराळा कंट्रोलर काढला. त्याच्या पाठीमागें ओळीनें छिद्रें ठेविलेलीं आहेत. त्यांत पायानें, कोपरानें किंवा हनुवटीनें दाबावयाचीं इतरांनीं केलेलीं बटणें जोडतां येतात. एका कारखान्यास प्रत्येक शरीरास पुरे पडणें शक्य नाहीं, याची ती उघड कबुलीच होय. म्हणून २०२३ चा निर्बंध आला, तेव्हां अपंग खेळाडूंकडून काळजी व्यक्त झाली, ती रास्त होती. चोरासाठीं कुलूप घालावें, पण तें पाहुण्याच्या तोंडावर आपटूं नये, असें मला वाटतें.

हाताचा विषय निघाला, म्हणून मिरजेची आठवण होते. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांतील कारागीर एकोणिसाव्या शतकांत तेथें तंतुवाद्यें घडवूं लागले, आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला. तेथें तंबोरा घ्यावयास गेलेला गायक तो मांडीवर घेतो, छेडून पाहतो. स्त्रियांच्या आवाजासाठीं आकारानें लहान तंबोरा निराळा असतो. घोडी घासून जवारी लावून देणारा कारागीर समोरच बसलेला असतो, आणि दोन वर्षांनीं जवारी उतरली, तर तेंच वाद्य घेऊन त्याच्याकडे जातां येतें. ‘मिरजेचा’ या शब्दास किंमत आहे ती यामुळें. कंट्रोलर टपालानें येतो व त्याचा कर्ता शेन्झेनला! बारा वर्षांच्या मुलाच्या हातास तो मोठा होतो कीं काय, हेंहि खोका उघडल्यावर कळतें. तेव्हां साताऱ्याच्या राजवाड्याजवळ असो, कीं सांगलीच्या हरभट रस्त्यावर, दुकानदारास पहिला प्रश्न किमतीचा न करतां, बिघडल्यास तो घेऊन कोठें यावयाचें, हा करावा. एक वर्षाची हमी कागदावर सर्वच देतात. हमीचें पार्सल कोणत्या गांवीं पाठवावयाचें, त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, व पाठविलेली वस्तु परत किती दिवसांत येते, येथें खरा फरक पडतो. स्वतःचें नांव लावणारा व आपल्या देशांत दुरुस्तीची सोय ठेवणारा कारखानदार दोनशे रुपये महाग असला, तरी मी त्यासच पसंत करीन.

आणि मातोश्रींच्या मतांतहि कांहीं अर्थ आहे, तो शेवटीं सांगितला पाहिजे. हमीची मुदत संपलेली असेल, तर जुना कंट्रोलर टाकण्यापूर्वीं बारीक डाग देण्याचें काम जाणणाऱ्या कारागिराकडे एकदां न्यावा. झिजलेली दांडी काढून तेथें दुसरी, आणि कांहीं नमुन्यांत तर चुंबकाचीहि, बसवितां येते. मोबाइल दुरुस्त करणारे कुशल हात आपल्या दोन्हीं शहरांत आहेत. ते हें काम करतात कीं नाहीं, तें विचारल्यावांचून कळणार नाहीं.

नवा घेतलाच, तर खोका फेंकूं नये व बिल जपून ठेवावें. त्याच दिवशीं तो संगणकास जोडून त्याच्या दांड्या कोठें आहेत हें दाखविणारें पान उघडावें. दोन्हीं दांड्या चारी बाजूंस फिरवून सोडून द्याव्या व हात बाजूस घेऊन पडद्यावरील ठिपका निरखावा. तो मध्यभागीं येऊन स्थिर झाला तर ठीक. सरकत राहिला, तर परत करण्याच्या मुदतीचे दिवस मोजून, त्या आंतच तो बिलासह दुकानांत पोंचता करावा.